गणकयंत्राची साक्ष

लोखंड बोलत नाहीं. दगड, काँक्रीट, पत्रा, रूळ ह्यांपैकीं कोणीही आपल्या अंगावर किती भार आहे, तो किती काळ सोसवेल, आणि सोसण्याची सीमा कोठें आहे, हें आपण होऊन सांगत नाहीं. तरीही ह्या मुक्या वस्तूंच्या भरंवशावर आपण रोज जीव ठेवून वावरत असतों. पुलावरून गाडी जाते, छपराखालीं मुलें निजतात, धरणाच्या पायथ्याशीं गांवें नांदतात. आणि ‘हें टिकेल कशावरून?’ हा प्रश्न त्या प्रवाशांच्या, त्या मुलांच्या किंवा त्या गांवकऱ्यांच्या मनांत सहसा येत नाहीं. तो प्रश्न कोणीतरी आपल्यासाठीं पूर्वींच विचारलेला आहे व त्याचें उत्तरही त्यास मिळालेलें आहे, अशी आपली समजूत असते. ही समजूत म्हणजे सर्व सुधारलेल्या जीवनाचा पायाच होय. म्हणून तें उत्तर कोण देतो, कशाच्या आधारानें देतो, आणि तें चुकल्यास दोष कोणाचा, ह्याचा विचार केवळ स्थापत्यशास्त्रज्ञांवर सोंपवून चालणार नाहीं. तो नीतिशास्त्राचाही विषय आहे.

हें उत्तर देणारे साक्षीदार काळानुसार बदलत आले आहेत. आरंभीं कारागिराचा अनुभव हीच काय ती साक्ष होती. आजोबानें एवढ्या जाडीची तुळई घातली, ती दोन पिढ्या टिकली, तेव्हां नातवानेंही तेवढीच घालावी, हा त्या काळचा न्याय. पुढें गणिती सूत्रें आलीं, आणि तुळईची लांबी, जाडी व भार सांगितला कीं तिच्यांत किती ताण उत्पन्न होईल हें कागदावर काढतां येऊं लागलें. आतां तिसरा साक्षीदार पुढें आला आहे. हा म्हणजे गणकयंत्र, अथवा आपण ज्यास संगणक म्हणतों तें यंत्र होय. वस्तूची एक गणिती प्रतिमा ह्या यंत्रांत रचतात, तिच्यावर भार घालतात, तिला तापवितात, निववितात, हलवितात. आणि खरी वस्तु तशा प्रसंगीं कशी वागेल हें त्या प्रतिमेच्या वागण्यावरून ठरवितात. आज विमानाच्या पंखापासून भांड्याच्या बुडापर्यंत असंख्य वस्तु खऱ्या घडण्यापूर्वीं अशा रीतीनें घडून, वांकून, मोडूनही गेलेल्या असतात. ह्या साक्षीवर आपण विश्वास ठेवावा काय, आणि ठेवावा तर कोणत्या जातीचा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक जवळचें उदाहरण घेऊं. नागपूरच्या वायव्येस, काटोलच्या वाटेवर, संत्र्यांच्या बागांच्या मुलखांत कळमेश्वर हें तालुक्याचें गांव आहे. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग इटारसीहून नागपुरास येतांना ह्या गांवावरून जातो. विदर्भाचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. मे महिन्यांत हवेचें तापमान ४५ अंशांच्या वर जातें, आणि उन्हांत पडलेला रूळ हवेहूनही पंधरावीस अंशांनीं अधिक तापतो. उलट पौषांतल्या पहाटे तोच रूळ हाताला बोंचण्याइतका गार पडतो. पोलाद तापलें कीं वाढतें. ही वाढ एका अंशास मूळ लांबीच्या ०·००००११५ पट एवढीच, म्हणजे दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे. परंतु एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ ३० अंशांनीं तापला तर तो सुमारे ३४ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण हात, लांब होईल. पूर्वीं रुळांच्या सांध्यांत फटी ठेवीत व ही वाढ त्यांत सामावे; गाडीचा तो परिचित खटखट आवाज त्या फटींचाच होता. आतां मुख्य मार्गांवर रूळ वेल्डिंगनें सांधून अखंड केलेले असतात आणि जाड काँक्रीटच्या स्लीपरांना जखडलेले असतात. वाढावयास जागाच नाहीं. तेव्हां न झालेली वाढ रुळाच्या पोटांत दाब होऊन बसते. मीटरमागें ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद सुमारे ७७ चौरस सेंटीमीटर असतो. तो ज्या तापमानास जखडला त्याहून ३० अंशांनीं अधिक तापला, तर त्या एका रुळांत सुमारे ५६ टनांचा दाब दाटून राहतो. बाहेरून पाहणाऱ्यास ह्यांतील कांहींही दिसत नाहीं. रूळ सकाळीं होता तसाच दुपारीं स्वस्थ पडलेला असतो.

येथपर्यंतचें गणित शाळेंतला हुशार मुलगाही पाटीवर करील. परंतु खरा प्रश्न त्याच्या पुढेंच आहे. हा दाब असह्य होऊन रूळ बाजूला फेंकला जाईल काय? तें केवळ पोलादावर अवलंबून नाहीं. स्लीपरांखालची खडी किती घट्ट बसली आहे, रुळांत आधींचा बारीक बांक किती आहे, मार्ग वळणावर आहे कीं सरळ, वरून नुकतीच जड मालगाडी ब्रेक लावीत गेली काय, अशा अनेक गोष्टींचा त्यांत हात असतो, आणि त्या सर्व एकमेकींत गुंतलेल्या असतात. अशीच गुंतागुंत त्याच गांवच्या औद्योगिक वसाहतींतही आहे. तेथें पोलादी पत्र्यावर जस्ताचा लेप देण्याचा मोठा कारखाना आहे. अशा कामांत पत्र्याची लांबच लांब पट्टी सुमारे ४६० अंश तापमानाच्या वितळलेल्या जस्तांतून वर निघते आणि वेगानें निवत जाते. तिचा मध्य व तिच्या कडा सारख्या वेगानें निवल्या नाहींत, तर पत्र्यांत आंतल्या आंत ओढाताण राहते व तो सपाट राहत नाहीं. उष्णता आणि बळ ह्यांचा असा संसार जेथें एकत्र चालतो, तेथें एका ओळीचें सूत्र पुरें पडत नाहीं. गणकयंत्राची प्रतिमा तेथें कामास येते.

ही प्रतिमा कशी रचतात हें थोडक्यांत समजून घेतल्यावांचून तिच्या साक्षीचें मोल ठरविणें अन्यायाचें होईल. मूळ युक्ति जुनीच आहे. आर्यभटानें वर्तुळाच्या चतुर्थांशाचे २४ समान भाग करून प्रत्येक भागाची ज्या काढली. अखंड वक्ररेषा एकदम हातीं येत नाहीं, म्हणून तिचे तुकडे पाडून ती आवांक्यांत आणली. येथेंही तेंच करितात. रूळ, पत्रा वा धरण ह्यांची आकृति हजारों, लाखों लहान घटकांत विभागतात. घटकांच्या कोपऱ्यांवरचे बिंदु मिळून एक जाळें बनतें. प्रत्येक घटकापुरता नियम सोपा असतो. ताण वाढेल त्या प्रमाणांत पदार्थ लांबतो, हा सतराव्या शतकांतील हूकचा नियम. आणि उष्णता उष्ण भागाकडून शीत भागाकडे तापमानाच्या उतारानुसार वाहते, हा फूरिएनें १८२२ सालीं ग्रंथबद्ध केलेला नियम. शेजारच्या घटकांच्या सीमा एकमेकींस जुळल्या पाहिजेत व बळांचा तोल साधला पाहिजे, एवढ्या अटीवर सर्व घटकांचीं समीकरणें एकत्र मांडतात. मग लाखों अज्ञात संख्या एकदम सोडविण्याचें काम उरतें. तें मनुष्याच्या आयुष्यांत न होण्यासारखें, पण यंत्रास कांहीं घटकांचें. रिचर्ड कूरांट ह्या गणितज्ञानें १९४३ मध्यें ह्या विचाराचें बीज मांडलें. अमेरिकेंतील टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप ह्या चौघांनीं १९५६ मध्यें विमानांच्या रचनेसाठीं तो वापरून दाखविला. आणि १९६० मध्यें क्लफनें त्यास आज रूढ असलेलें नांव दिलें. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत स्वदेशीं बांधलेलें टिफ्रॅक हें गणकयंत्र काम करूं लागलें होतें. म्हणजे ही साक्ष देणारा साक्षीदार आपल्याकडेही साठ वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

आतां आपल्या न्यायशास्त्राची कसोटी हातीं घेऊं. यथार्थ ज्ञान होण्याचीं चार साधनें नैयायिकांनीं मानिलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गणकयंत्राचें उत्तर ह्यांपैकीं कशांत मोडतें? यंत्राच्या पडद्यावर धरणाची आकृति उमटते. जेथें ताण अधिक तेथें ती तांबडी, जेथें कमी तेथें निळी दिसते. पाहणाऱ्यास वाटतें कीं आपण पदार्थाच्या अंतरंगांतच डोकावत आहोंत. पण हा भास आहे. तेथें जें दिसतें तें धरण नव्हे, धरणाविषयींचें गणित आहे. म्हणून तें प्रत्यक्ष नव्हे. उपमान म्हणावें, तर नैयायिकांच्या मतें त्याचें कार्य फार मर्यादित, अपरिचित वस्तूस तिच्या नांवाशीं जोडून देण्याचें. राहतां राहिलें अनुमान, आणि तेंच योग्य उत्तर आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों, तेव्हां धूर व अग्नि ह्यांच्या नित्य साहचर्याचें ज्ञान त्या म्हणण्याच्या मुळाशीं असतें. गणकयंत्रही असेंच करितें: पदार्थाचे नियम अमुक, आकार अमुक, भार अमुक, तस्मात् ताण अमुक. लाखों पायऱ्यांचें असलें तरी तें अनुमानच होय, आणि अनुमानाचे सर्व गुण व सर्व दोष त्यास लागू आहेत.

ह्या दोषांत सर्वांत घातक जो दोष, त्यास नैयायिक ‘उपाधि’ म्हणतात. जेथें अग्नि तेथें धूर असें कोणी म्हणेल तर तें चूक. कारण धूर निघण्यास ओलें सरपण लागतें. ज्यानें आयुष्यभर ओलींच लांकडें जाळलीं, त्यास आपल्या सिद्धांतांत ही अट लपलेली आहे हें कधींच कळणार नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याजवळ गेल्यावर मात्र त्याचा सिद्धांत ढांसळेल. वस्तूच्या गणिती प्रतिमेंतही असें ओलें सरपण लपलेलें असतें. तें कोठें व कसें लपतें, ह्याचें जगांत अभ्यासिलें गेलेलें एक मोठें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे.

सातारा जिल्ह्यांतील कोयना धरण १०३ मीटर उंच आहे. तें रचतांना भूकंपाचा विचार झालाच नव्हता असें नाहीं. त्या काळच्या जगन्मान्य प्रथेप्रमाणें धरणाच्या वजनाच्या एक-विसांश इतका आडवा जोर तळापासून माथ्यापर्यंत सारख्या प्रमाणांत लागेल असें धरून हिशेब केला होता, आणि त्या हिशेबाप्रमाणें धरण सुरक्षित होतें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे तेथें भूकंप झाला. कोयनानगर व आसपासचीं गांवें उद्ध्वस्त झालीं आणि दीडशेहून अधिक माणसें दगावलीं. धरणांतच बसविलेल्या यंत्रानें नदीच्या दिशेनें गुरुत्वाच्या जवळजवळ निम्म्या बळाचा हादरा नोंदविला. धरण फुटलें नाहीं. परंतु ज्या उंचीवर त्याच्या मागल्या बाजूचा उतार एकाएकीं बदलतो, तेथें त्याच्या अनेक खंडांवर आडवे तडे गेले. हे तडे तेथेंच कां? जुन्या हिशेबांत ह्याचें उत्तर नव्हतें. बर्कले येथील अनिल चोप्रा व चक्रवर्ती ह्यांनीं १९७३ मध्यें घटकपद्धतीनें ह्या धरणाची प्रतिमा रचून तींत प्रत्यक्ष नोंदलेला हादरा घातला, तेव्हां ताणाचा सर्वांत मोठा संचय नेमका त्या उताराच्या बदलापाशीं आढळला, आणि तो काँक्रीटच्या तन्यशक्तीहून अधिक भरला. जुन्या गणितांतील ओलें सरपण आतां उघड झालें. धरण हा एक अखंड ताठ दगड आहे व तो सर्वत्र सारखा हलतो, हें त्यांत न बोलतां गृहीत धरलेलें होतें. खरें धरण लवचीक आहे. तळ हलला कीं त्याचा माथा वेताच्या छडीप्रमाणें तळाहून कितीतरी अधिक झोंके घेतो.

कोयनेच्या कथेंत आणखीही एक बोध आहे. दख्खनचें पठार स्थिर, तेथें मोठा भूकंप व्हावयाचा नाहीं, अशी तोंवर सर्वसाधारण समजूत होती. मोठ्या जलाशयाच्या भारानें व पाझरानें भूकंपास चालना मिळूं शकते, ह्याचें कोयना हें आज जगप्रसिद्ध उदाहरण मानितात. म्हणजे ज्या वस्तूचें गणित करावयाचें, तिच्या अस्तित्वानेंच गणिताचें गृहीत बदलूं शकतें. धरण नव्हतें तेव्हांची भूमि आणि धरण झाल्यावरची भूमि ह्या एक नव्हेत. हें सुचण्यासाठीं गणितापलीकडची सावधता लागते. पुढें धरणास मागून आधार देऊन तें बळकट करण्यांत आलें व तें आजही उभें आहे. आणि आज कोणत्याही देशांत काँक्रीटच्या धरणाचें गणित करणारी नवी आज्ञावली रचली, कीं तिची परीक्षा अनेकदां ह्याच तड्यांवर घेतात: तिनें काढलेला तडा कोयनेच्या तड्याच्या जागीं पडतो काय, असें पाहतात. साताऱ्याच्या डोंगरांतील एका दुःखद पहाटेची खूण अशा रीतीनें जगाच्या गणिताची कसोटी होऊन बसली आहे.

येथें कोणी म्हणेल कीं जुनें सूत्र चुकलें आणि नवी प्रतिमा खरी ठरली, तेव्हां ह्या नव्या साक्षीदारावर संपूर्ण विश्वास ठेवण्यास आतां काय हरकत आहे? ह्यास नॉर्वेतील उदाहरण उत्तर देईल. २३ ऑगस्ट १९९१ रोजीं स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडींत स्लाइप्नर-ए नांवाच्या समुद्रस्थ तेलमंचाचा प्रचंड काँक्रीटचा पाया चांचणीसाठीं पाण्यांत उतरवीत असतां फुटून तळाशीं गेला. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. आर्थिक नुकसान सुमारे ७० कोटि डॉलरांचें झालें. ह्या पायाचें गणित घटकपद्धतीनेंच, नांवाजलेल्या आज्ञावलीवर केलेलें होतें. चौकशींत असें आढळलें कीं जेथें भिंती एकमेकींस मिळतात तेथें जाळ्याचे घटक बेढब पडले होते. त्यामुळें तेथील कर्तनबळ खऱ्याहून ४७ टक्क्यांनीं कमी आलें, आणि भिंती त्या मानानें पातळ ठेवल्या गेल्या. पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. अपघातानंतर तेंच गणित काळजीपूर्वक केलें, तेव्हां तो पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असें निघालें. प्रत्यक्षांत तो ६५ मीटरांवर फुटला होता. पद्धति खोटी नव्हती. ती खरें सांगावयास सिद्ध होती. तिला नीट विचारणारा त्या वेळीं कोणी भेटला नाहीं.

हा दोष कोठें शिरला हें पाहिलें म्हणजे नैतिक प्रश्नाचें मर्म हातीं येतें. ज्यानें जाळें विणलें त्याच्यापुरतें तें उत्तर अनुमान होतें; त्यास हेतु, व्याप्ति, गृहीतें सर्व ठाऊक होतीं, निदान ठाऊक असावयास हवीं होतीं. परंतु तोच आंकडा जेव्हां एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, तेव्हां त्याची जात बदलली. पुढच्या मनुष्यास तें अनुमान राहिलें नाहीं. ‘यंत्रानें असें सांगितलें आहे’ असा तो शब्द झाला. आणि शब्दप्रमाणाविषयीं नैयायिकांची अट कडक आहे. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आणि आप्त म्हणजे ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशी ती दुसऱ्यास सांगण्याची ज्यास इच्छा आहे असा मनुष्य. ह्या दोन्ही अटी यंत्र पुऱ्या करीत नाहीं. धरण म्हणजे काय हें तें जाणत नाहीं. आणि खरें सांगण्याची इच्छाही त्यास नाहीं, खोटें सांगण्याचीही नाहीं. ज्या निष्ठेनें तें योग्य जाळ्याचें उत्तर देतें, त्याच निष्ठेनें बेढब जाळ्याचेंही देतें, आणि दोन्ही उत्तरें सारख्याच सुबक रंगांत रंगवितें. तेव्हां अनुमानाचें रूपांतर नकळत आप्तवाक्यांत होणें, आणि त्या आप्तवाक्याच्या मागें आप्त मात्र कोणीही नसणें, हा ह्या नव्या साक्षीतील खरा धोका आहे.

मग प्रत्यक्षाकडेच परत जावें, गणितें बाजूस ठेवून मोजमापावर भिस्त ठेवावी, असें कांहींजण म्हणतील. पण प्रत्यक्षही निर्दोष नसतें. ३० मे २०२४ रोजीं नागपुरांतील एका स्वयंचलित हवामानकेंद्रानें ५६ अंश तापमान नोंदविलें. क्षणभर सारा देश चकित झाला. परंतु आसपासच्या इतर केंद्रांचे आंकडे त्याच्याशीं जुळेनात, आणि तापमापकांतील बिघाडामुळें ती नोंद झाली असें हवामानखात्यानें स्पष्ट केलें. येथें अनुमानानें प्रत्यक्षास सुधारलें. कोयनेस तड्यांच्या प्रत्यक्षानें जुन्या अनुमानास सुधारलें. ह्यावरून दिसतें कीं कोणतेंही एक प्रमाण सिंहासनावर बसवून बाकीच्यांस त्याचे दास करणें शहाणपणाचें नाहीं. खरी निश्चिति प्रमाणांच्या संवादांतून येते. ज्या प्रतिमेची कधीं कोणत्याही खऱ्या वस्तूशीं गांठ घालून दिलेली नाहीं, ती कितीही बारीक असो, एकट्या साक्षीदाराप्रमाणें संशयितच राहिली पाहिजे.

ह्याहून सूक्ष्म असाही एक आक्षेप आहे. ह्या प्रतिमा पदार्थास अखंड, सलग मानितात. पदार्थ तर अणूंचा बनलेला आहे. म्हणजे मूळ गृहीतच असत्य! असत्यापासून सत्य कसें निघेल? वेदान्ताच्या परिभाषेंत उत्तर द्यावयाचें तर हें सलगपण व्यावहारिक सत्य आहे. व्यवहार ज्या मर्यादेंत चालतो तेथपर्यंत तें खरें. पण मर्यादा ओलांडली कीं तें आपलें मिथ्यात्व प्रकट करितें. आंत वळलेल्या तीक्ष्ण कोपऱ्याशीं लवचीकपणाचें शुद्ध गणित अनंत ताण सांगतें. तेथें जाळें जितकें बारीक विणावें तितका आंकडा वाढतच जातो, थांबत नाहीं. अधिक मेहनत केली म्हणजे अधिक सत्य मिळतें, हा आपला भाबडा विश्वास तेथें कोलमडतो. स्वीडनमधील हिलरबोर्ग व त्याचे सहकारी ह्यांनीं १९७६ मध्यें तडा उघडण्यास लागणाऱ्या ऊर्जेचा विचार काँक्रीटच्या गणितांत आणला, तेव्हां कोठें ह्या अडचणींतून वाट निघाली. प्रतिमा कोणत्या प्रश्नास उत्तर देण्यास पात्र आहे आणि कोणत्या प्रश्नापाशीं तिनें मौन पत्करावें, हें प्रतिमा स्वतः सांगत नाहीं. तें जाणणारा मनुष्य लागतो.

आतां व्यवहाराकडे येऊं. जुने स्थापत्यशास्त्रज्ञ आपल्या हिशेबाच्या शेवटीं एक सुरक्षागुणक ठेवीत असत व आजही ठेवितात: जेवढी शक्ति लागेल असें वाटतें तिच्या दीडपट, दुप्पट शक्ति वस्तूस द्यावयाची. हा गुणक म्हणजे संख्येच्या रूपानें लिहिलेला विनय आहे. मला सर्व कळलेलें नाहीं, अशी कबुली त्यांत आहे. गणकयंत्राची बारकाई वाढूं लागली तसा ह्या गुणकावर मोह पडूं लागला. एवढें पोलाद, एवढें काँक्रीट व्यर्थ कां घालावें? हा मोह सर्वस्वीं निंद्य आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं. एका पुलांत अकारण ओतलेलें पोलाद दुसऱ्या गांवच्या पुलांतून काढून घेतलेलें असतें. ज्या देशांत अजून नदीपलीकडच्या शाळेंत मुलें पाण्यांतून चालत जातात, तेथें उधळपट्टीस सावधगिरी म्हणणें हाही एक अधर्मच होय. म्हणून काटकसर विरुद्ध सुरक्षा असा हा सरळ झगडा नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं विनयाचा जो अंश आपण कमी करितों, तेवढें ज्ञान खरोखर वाढलें आहे काय? परीक्षेनें पटलेल्या ज्ञानाच्या प्रमाणांत गुणक कमी करणें न्याय्य आहे; केवळ आंकड्यांच्या दशांशस्थळांच्या प्रमाणांत तो कमी करणें अन्याय्य आहे. दशांशचिन्हानंतर सहा अंक छापतां आले म्हणून सहा अंकांइतकें ज्ञान झालें असें होत नाहीं.

आणि तो न्याय-अन्याय कोणाच्या बाबतींत? गणित करणारा आणि धोका सोसणारा हे बहुधा निरनिराळे असतात, ही ह्या विषयांतील सर्वांत बोंचणारी गोष्ट आहे. वैशाखाच्या भर दुपारीं, रुळांचें तापमान ठराविक सीमेपलीकडे गेलें कीं, कोणीतरी गँगमन पायीं गस्त घालीत रूळ जागचा हलला आहे काय हें पाहत जातो. रुळाच्या पोटांतील दाबाचें गणित त्याच्यासाठीं झालें आहे, पण त्यास विचारून झालेलें नाहीं. धरणाखालच्या गांवानें सुरक्षागुणक निवडलेला नसतो. गाडींत झोंपलेल्या प्रवाशास जाळें किती बारीक होतें हें कधीं कळणार नाहीं. जेथें सोसणाऱ्यास तपासण्याची शक्ति नाहीं, तेथें सांगणाऱ्याचें कर्तव्य दुप्पट होतें. वैद्य व रोगी, वकील व पक्षकार ह्यांच्या नात्यास हाच नियम लागू आहे. फरक इतकाच कीं वैद्यास रोग्याचें तोंड दिसतें, गणित करणाऱ्यास गँगमनचें दिसत नाहीं.

ह्या कर्तव्याचें स्वरूप सांगणें कठीण नाहीं. अशा प्रत्येक उत्तरासोबत तीन गोष्टी प्रामाणिकपणें सांगितल्या गेल्या पाहिजेत. पहिली, काय गृहीत धरलें. दुसरी, काय वगळलें. तिसरी, ही प्रतिमा पूर्वीं कोणत्या खऱ्या वस्तूशीं ताडून पाहिली आणि ती कितपत जुळली. ह्या तीन गोष्टी सांगितल्या कीं उत्तर पुन्हां अनुमानाच्या पायरीवर येतें. ऐकणारा त्यावर प्रश्न करूं शकतो, आपल्या अनुभवाची भर घालूं शकतो. गस्त घालणारा गँगमनही सांगूं शकतो कीं ह्या वळणावर खडी दर पावसाळ्यांत सरकते. आणि हें त्याचें प्रत्यक्ष लाखों समीकरणांतून निसटलेलें ओलें सरपण असूं शकतें. त्या तीन गोष्टी दडविल्या, तर सर्वांत विद्वान् गणितही आज्ञेचें रूप घेतें आणि त्यापुढें शहाण्यानेंही मान तुकवावी अशी अपेक्षा ठेवतें.

शेवटीं दोष कोणाचा, ह्या आरंभीं केलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. यंत्रास दोष देणें म्हणजे काठीस शिक्षा करण्यासारखें आहे. सूत्रकारांस दोष देणेंही व्यर्थ. हूक व फूरिए ह्यांनीं आपल्या नियमांच्या मर्यादा लपविल्या नाहींत. दोष असतो तो अनुमानास आप्तवाक्य म्हणून पुढें करणाऱ्याचा, आणि तसें तें निमूटपणें स्वीकारणाऱ्या वरिष्ठाचाही. म्हणूनच नकाशाच्या खालीं मनुष्याच्या सहीसाठीं जागा ठेवलेली असते. ती सही म्हणजे केवळ कचेरीची रीत नव्हे. तिचा अर्थ असा कीं ह्या आंकड्यांमागें एक आप्त उभा आहे, त्यानें वस्तु जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा आहे. गणकयंत्रें उद्यां आजच्याहून शतपट वेगवान् होतील, प्रतिमा अधिक बारीक होतील, आणि त्यांची साक्ष बहुतेक वेळां खरी ठरेल. जितकी ती अधिक वेळां खरी ठरेल, तितकी सही करणाऱ्याची दृष्टि सैल पडण्याचा संभव अधिक. ज्या दिवशीं तो न वाचतां सही करूं लागेल, त्या दिवशीं धरण, पूल आणि रूळ हे पूर्वीं होते तसेच मुके राहतील, आणि त्यांच्या वतीनें बोलणारा मात्र कोणीही उरणार नाहीं.